मेमरीचा कारभार

संगणक घरांत आला कीं त्याच्याबरोबर एक तक्रारहि घरांत येते. नवा होता तेव्हां तो सांगितलेलें काम चटकन् करीत असे, आतां दोन-तीन वर्षांनीं तो प्रत्येक कामापूर्वीं विचार करीत बसतो, ही ती तक्रार. मग घरांतलें एखादें जाणतें मूल पडद्यावर एक तक्ता उघडून दाखवितें. 8 जीबी मेमरीपैकीं साडेसहा जीबी वापरांत आहे, असें त्या तक्त्यांत लिहिलेलें असतें. रोगाचें निदान तेथल्या तेथें होतें: मेमरी भरली! यावर कोणी नवी मेमरी विकत घेण्याचा सल्ला देतो, कोणी मेमरी साफ करणारा एखादा फुकट मिळणारा प्रोग्रॅम बसवून घ्या म्हणतो, आणि कोणी उघडें असलेलें सारें बंद करावयास सांगतो. या तीन औषधांपैकीं पहिलें कित्येकदां अनावश्यक असतें, दुसरें बहुधा अपायकारक असतें, आणि तिसरें लागू पडलें तरी तें कां लागू पडलें हें सहसा कोणाला सांगतां येत नाहीं.

याचें कारण असें कीं, मेमरीचा हिशेब आपल्या घरांतील डब्यांच्या हिशेबासारखा नसतो. डब्यांत साखर किती आहे हें झांकण उघडून सांगतां येतें. मेमरीचा हिशेब पेढीच्या हिशेबासारखा आहे. पेढीवर रोकड किती, हुंड्या किती लिहून दिल्या, आणि त्यांतल्या वटवावयास किती आल्या, हें निरनिराळें पाहावें लागतें. ही पेढी जो चालवितो त्या मुख्य प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स हीं त्यांतलीं परिचयाचीं नांवें. आपण ज्या प्रोग्रॅमांनीं पत्र लिहितों, हिशेब मांडतों, छायाचित्रें पाहतों किंवा इंटरनेटवर हिंडतों, ते सगळे या कारभाऱ्याकडे मेमरी मागत असतात. तो ती कशी देतो, कशी परत घेतो, आणि देण्यासारखी उरली नाहीं म्हणजे काय करतो, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम मेमरी या शब्दाविषयींचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. दुकानदार जेव्हां '512 जीबी'चा संगणक म्हणून सांगतो, तेव्हां तो साठवणीविषयीं बोलत असतो. ही साठवण एसएसडीमध्यें किंवा हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर असते, आणि वीज गेली तरी तेथील मजकूर शाबूत राहतो. आपला आजचा विषय असलेली मेमरी म्हणजे रॅम. ती पुष्कळच लहान असते, बहुतेक घरगुती संगणकांत 8 किंवा 16 जीबी, आणि वीज जातांच ती कोरी होते. तरीहि तिच्यावांचून चालत नाहीं. कारण गणित करणारा जो प्रोसेसर, त्याला साठवणीतल्या मजकुरावर थेट काम करतां येत नाहीं, तो मजकूर आधीं रॅममध्यें आणावा लागतो. रॅममधून एखादा आंकडा आणावयास ढोबळ मानानें 100 नॅनोसेकंद लागतात, एसएसडीमधून 100 मायक्रोसेकंद, आणि फिरत्या तबकडीवरून सुमारें 10 मिलिसेकंद. हे सूक्ष्म काळ मनांत भरण्यासारखे नाहींत, म्हणून असें समजूं कीं रॅमला एक मिनिट लागतें. त्याच मापानें एसएसडीला जवळजवळ सतरा तास लागतील आणि तबकडीला एकोणसत्तर दिवस! हें अंतर लक्षांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व खटाटोप कशासाठीं आहे तें कळेल.

पूर्वीं हा खटाटोप प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करावा लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 1960 सालीं टिफ्रॅक नांवाचा संगणक चालूं झाला. त्याची मुख्य मेमरी 2,048 शब्दांची होती आणि एक शब्द 40 बिटांचा होता. म्हणजे आजच्या हिशेबानें सारी मिळून 10,240 बाइट. आपल्या घरांतील 8 जीबीच्या संगणकांत अशा मेमऱ्या आठ लाखांहून अधिक मावतील. त्या काळच्या यंत्रांवर मोठें काम करावयाचें तर त्याचे तुकडे पाडून कोणता तुकडा केव्हां मेमरींत आणावयाचा आणि कोणता बाहेर ठेवावयाचा, हें लिहिणाराच ठरवी. पुष्कळ बुद्धि गणितापेक्षां सामानाच्या बांधाबांधींतच खर्च होई, आणि एकाच मेमरींत दोन प्रोग्रॅम सुखानें नांदविणें तर फारच बिकट होतें.

या अडचणीवर निर्णायक उपाय निघाला तो इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत. टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी यांनीं बनविलेल्या ॲटलस या संगणकाचें उद्घाटन 7 डिसेंबर 1962 रोजीं झालें. त्याच्यांत चुंबकीय कड्यांची जलद मेमरी 16,384 शब्दांची होती, आणि फिरत्या चुंबकीय ड्रमवर आणखी 98,304 शब्दांची मंद साठवण होती. किलबर्न यांनीं या दोहोंमधील भेद प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दृष्टीआड केला. साऱ्या मजकुराचीं त्यांनीं 512 शब्दांचीं सारखीं पानें पाडलीं. जलद मेमरींत अशीं 32 पानें मावत. हवें असलेलें पान तेथें नसेल तर यंत्रच काम थांबवून तें ड्रमवरून आणी आणि न लागणारें एखादें पान तिकडे पाठवून देई. लिहिणाऱ्याला सगळी मिळून एकच मोठी मेमरी दिसे. आज जगांतील प्रत्येक घरगुती संगणक याच युक्तीवर चालतो.

ती युक्ति आपल्या टेबलापर्यंत यावयास मात्र बरीच वर्षें लागलीं. इंटेल कंपनीचा 80386 हा प्रोसेसर 1985 सालीं निघाला. त्यांत 4,096 बाइटांच्या पानांची सोय होती, आणि 1990 सालच्या विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीनें तिचा उपयोग केला. ॲपलच्या मॅकिंटॉशवर तर 1990 च्या दशकांतहि कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यावयाची हा आंकडा मालकाला स्वतः एका चौकोनांत भरतां येई. आंकडा कमी पडला तर प्रोग्रॅम मध्येंच अडे, जास्त भरला तर दुसऱ्याच्या वांट्याची मेमरी उगीच अडकून पडे. 2001 सालीं मॅक ओएस टेन आली तेव्हां हा जांच संपला.

आतां या पानांचें काम कसें चालतें तें जरा जवळून पाहूं. आपल्या 8 जीबी मेमरीचे 4,096 बाइटांचे तुकडे पाडले तर वीस लाख सत्त्याण्णव हजारांहून अधिक होतात. या प्रत्येक तुकड्याला चौकट म्हणूं, आणि चौकटींत जो मजकूर बसतो त्याला पान म्हणूं. प्रोग्रॅमला या चौकटी कधींच दिसत नाहींत. त्याला दिसतो तो पत्त्यांचा एक विस्तीर्ण प्रदेश. आजच्या 64 बिटी विंडोजमध्यें प्रत्येक प्रोग्रॅमला मिळणारा हा प्रदेश 128 टेराबाइटांचा असतो, म्हणजे प्रत्यक्ष मेमरीच्या सोळा हजार पटींहून अधिक. आपल्या पत्रलेखनाच्या प्रोग्रॅमला असें वाटतें कीं, एवढा मोठा वाडा आहे आणि त्यांत आपण एकटेच राहतों. शेजारच्या प्रोग्रॅमलाहि तसेंच वाटत असतें.

हा भ्रम टिकवून धरण्यासाठीं कारभारी प्रत्येक प्रोग्रॅमची एक नोंदवही ठेवतो. प्रोग्रॅमचें अमुक पान प्रत्यक्षांत कोणत्या चौकटींत आहे, कीं सध्यां तें मेमरींतच नाहीं, हें त्या वहींत लिहिलेलें असतें. प्रोग्रॅमनें कोणताहि पत्ता उच्चारला कीं प्रोसेसर त्या वहींत पाहून खरी जागा काढतो. दर वेळीं मोठी वही उलगडणें परवडणारें नसल्यामुळें अलीकडे लागलेल्या पत्त्यांचें एक लहानसें टिपण प्रोसेसर स्वतःजवळच ठेवतो, आणि बहुतेक उत्तरें त्याला तेथेंच मिळतात.

या वह्यांमुळें आणखी एक मोलाचा लाभ होतो. दोन प्रोग्रॅमांनीं एकच पत्ता उच्चारला तरी त्यांच्या वह्या वेगळ्या असल्यामुळें ते वेगळ्या चौकटींत जाऊन पोंचतात. जी चौकट आपल्या वहींत नाहीं तिच्यापर्यंत जाण्याला प्रोग्रॅमला वाटच नसते. मुलांच्या खेळाचा प्रोग्रॅम कोलमडला तरी शेजारीं उघडें असलेलें हिशेबाचें कोष्टक सुखरूप राहतें, याचें श्रेय या व्यवस्थेला आहे.

आतां पेढीच्या व्यवहाराकडे वळूं. एखाद्या प्रोग्रॅमनें 100 एमबी मेमरी मागितली, म्हणजे 25,600 पानें मागितलीं, तर कारभारी काय करतो? तो मागणी मान्य केल्याची नोंद करतो आणि प्रत्यक्षांत बहुधा एकहि चौकट देत नाहीं. त्यानें हुंडी लिहून दिली, रोकड मोजली नाहीं. प्रोग्रॅम जेव्हां त्यांतल्या एखाद्या पानाला पहिल्यानें हात घालतो, तेव्हां प्रोसेसरला वहींत चौकट सांपडत नाहीं आणि तो काम थांबवून कारभाऱ्याला हांक मारतो. याला पेज फॉल्ट म्हणतात. नांवांत दोषाचा उल्लेख असला तरी दोष कोणाचाच नसतो. कारभारी तेव्हां एक चौकट काढतो, तिच्यांत पूर्वींच्या कोणाचा मजकूर उरला असेल तर तो पुसून सर्वत्र शून्यें भरतो, आणि ती वहींत चढवितो. हें पुसणें केवळ टापटिपीसाठीं नसतें. आपल्या बँकेचा परवलीचा शब्द ज्या चौकटींत होता ती चौकट उद्यां दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हातीं पडेल, म्हणून ती कोरी करूनच द्यावी लागते.

प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मजकुराचेंहि असेंच आहे. पत्रलेखनाचा प्रोग्रॅम शेंकडों एमबींचा असला तरी तो उघडतांना सारा मेमरींत येत नाहीं. जें पान लागेल तें त्या वेळीं आणलें जातें. शिवाय, खिडकी काढणें, अक्षरें रेखणें अशीं कामें सर्वच प्रोग्रॅमांना लागतात. त्या सामाईक मजकुराची मेमरींत एकच प्रत ठेवून ती अनेकांच्या वह्यांत चढविलेली असते. वाड्याचें अंगण एक आणि बिऱ्हाडें दहा. प्रत्येक बिऱ्हाडकरूनें आपल्या जागेंत अंगण धरून माप सांगितलें तर बेरीज वाड्याहून मोठी होईल. क्रोम हा ब्राउझर 2008 सालीं निघाला तेव्हांपासून तो आपलें काम अनेक वेगवेगळ्या प्रक्रियांत वांटून चालवितो, म्हणजे एक पान बिघडलें तर सगळे बुडूं नयेत. तक्त्यांत त्याच्या नांवापुढें दहा-पंधरा ओळी दिसतात, आणि त्या ओळींतले आंकडे अंगण धरून मोजलेले असतील तर त्यांची बेरीज घाबरून जाण्याइतकी होते. ब्राउझर मेमरी पुष्कळ खातो हें खरें, पण या बेरजेइतकी खात नाहीं.

येथवर आल्यावर घरांतल्या त्या तक्त्याचा अर्थ लावतां येईल. मेमरीची चौकट रिकामी ठेवण्यांत कांहीं लाभ नाहीं. ती रिकामी असली तरी वीज तेवढीच घेते. म्हणून चांगला कारभारी कोणाला नको असलेल्या चौकटींतहि उपयोगी पडेल असें कांहीं तरी ठेवतो. आपण सकाळीं उघडून मिटलेली फाइल, बंद केलेल्या प्रोग्रॅमचीं पानें, हें सारें तो लगेच टाकून देत नाहीं. दुपारीं आपण तोच प्रोग्रॅम पुन्हां उघडला तर तो झटकन् येतो, कारण साठवणीपर्यंत जावेंच लागत नाहीं. दुसऱ्या कोणाला चौकट हवी झाली तर मात्र तो हा ठेवा क्षणांत सोडून देतो. म्हणून तक्त्यांत 'रिकामी' आणि 'उपलब्ध' हे दोन वेगळे आंकडे असतात. रिकामी थोडी आणि उपलब्ध पुष्कळ असेल तर प्रकृति उत्तम आहे असें समजावें. लिनक्समध्यें तर लोकांची ही गल्लत टळावी म्हणून 2014 सालीं उपलब्ध मेमरीचा अंदाज सांगणारी स्वतंत्र ओळच घालण्यांत आली.

मेमरी साफ करणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांची करामत आतां ओळखतां येईल. ते चालू असलेल्या प्रोग्रॅमांच्या हातांतलीं पानें बळेंच काढून घ्यावयास लावतात. 'रिकामी'चा आंकडा वाढतो आणि मालक खूष होतो. पण पुढच्याच मिनिटाला तीं पानें पुन्हां लागतात आणि एकेक करून परत आणावीं लागतात. त्यांतलीं जीं साठवणींत गेलीं असतील त्यांना तर आपल्या मघांच्या मापानें सतरा तास लागतात.

मेमरी खरोखरच अपुरी पडूं लागली म्हणजे कारभाऱ्यापुढें अवघड प्रश्न येतो: कोणतें पान बाहेर काढावें? बेलाडी नांवाच्या संशोधकानें आयबीएम कंपनींत असतांना 1966 सालीं याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत उत्तम नियम त्यानें दाखवून दिला: ज्या पानाची गरज सर्वांत उशिरां पडणार असेल तें काढावें. अडचण एवढीच कीं, त्यासाठीं भविष्य कळलें पाहिजे. तें कळत नसल्यामुळें कारभारी भूतकाळावरून अनुमान करतो. जें पान अलीकडे वापरलें गेलें तें लवकरच पुन्हां लागेल, आणि जें बराच वेळ कोणी उघडलें नाहीं तें यापुढेंहि लागणार नाहीं, असें तो धरून चालतो. वीस लाख पानांची वेळ मिनिटा-मिनिटाला लिहून ठेवणें शक्य नाहीं. म्हणून प्रोसेसर पान वापरलें जातांच त्याच्या नोंदीपुढें एक खूण करतो. कारभारी अधून-मधून फेरी मारून त्या खुणा पुसून टाकतो. पुढच्या फेरींत ज्या पानापुढें नवी खूण उमटली नसेल तें पान काढण्याच्या यादींत जातें.

काढण्यांतहि दोन प्रकार आहेत. प्रोग्रॅमच्या मूळ मजकुराचें पान साठवणींत जसेंच्या तसें असतेंच. तें नुसतें सोडून दिलें कीं झालें. परंतु आपण आतांच टाइप केलेल्या पत्राचें पान दुसरें कोठेंच नसतें. तें काढण्यापूर्वीं साठवणींतील एका राखीव फाइलींत लिहून ठेवावें लागतें. विंडोजमध्यें तिला पेज फाइल म्हणतात, इतरत्र स्वॅप म्हणतात. गेल्या दहा-बारा वर्षांत या दोहोंमध्यें एक नवी पायरी आली आहे. पान बाहेर न पाठवितां तें दाबून लहान करावयाचें आणि मेमरींतच एका कोपऱ्यांत ठेवावयाचें; गाद्या-रजया घडी घालून पेटींत भराव्या तसें. मॅकवर ही सोय 2013 सालीं आली, लिनक्समध्यें तसलीच एक सोय 2014 पासून मुळांत सामील झाली, आणि विंडोजच्या दहाव्या आवृत्तींत ती 2015 सालीं आली. दाबण्या-उलगडण्यांत प्रोसेसरचे थोडे श्रम जातात, पण साठवणीकडील हेलपाट्यापेक्षां ते कितीतरी स्वस्त पडतात.

इतकें करूनहि भागलें नाहीं तर काय होतें? अमेरिकेंतील पीटर डेनिंग यांनीं 1967 आणि 1968 सालीं याचें उत्तर मांडलें. प्रत्येक प्रोग्रॅमला कोणत्याहि क्षणीं कांहीं ठराविक पानें हाताशीं लागतातच. त्यांना त्यांनीं कामाचा संच म्हटलें. चालू असलेल्या सर्व प्रोग्रॅमांचे संच मेमरींत मावत आहेत तोंवर सारें सुरळीत चालतें. ते मावेनासे झाले कीं वेग हळूहळू उतरत नाहीं, एकदम कोसळतो. ओट्यावर चार भांडीं मावतात आणि स्वयंपाकाला पांच लागतात अशी कल्पना करा. पांचवें भांडें घ्यावयाचें तर एक खालीं ठेवावें लागतें, आणि लगेच तेंच पुन्हां हवें असतें. सारा वेळ भांडीं हलविण्यांत जातो आणि अन्न शिजत नाहीं. संगणकाचा काटा फिरत राहतो, साठवणीचा दिवा सारखा लुकलुकतो, पण दाबलेलें अक्षर पडद्यावर उमटत नाहीं, ती ही अवस्था. येथें प्रोसेसर कितीहि जलद असला तरी उपयोग नाहीं. चालू कामें कमी करणें किंवा मेमरी वाढविणें, हे दोनच उपाय आहेत.

शेवटीं हुंड्या वटविण्याचा प्रसंग येतो. येथें निरनिराळ्या कारभाऱ्यांच्या नीति निरनिराळ्या आहेत. विंडोज सावध पेढीसारखें वागतें. रॅम आणि पेज फाइल मिळून जेवढी जागा आहे तेवढींच वचनें तें देतें. ती फाइल ठराविक मर्यादेपर्यंत वाढवितें, आणि त्यापलीकडे मागणी आली तर साफ नकार देतें. नकार ऐकण्याची पूर्वतयारी नसलेले प्रोग्रॅम तेथेंच कोसळतात. पण एकदां दिलेला शब्द मोडला जात नाहीं. लिनक्सची सर्वसाधारण रीत उदार सावकाराची आहे. बहुतेक प्रोग्रॅम मागतात त्याहून पुष्कळच कमी वापरतात, हा अनुभव धरून तो जवळ असलेल्या रोकडीहून अधिक हुंड्या लिहितो. त्यामुळें थोड्या मेमरींत पुष्कळ कामें चालतात. परंतु सगळ्या हुंड्या एकाच दिवशीं आल्या तर? मग लिनक्स प्रत्येक प्रोग्रॅमला गुण देतो. मुख्यतः जो अधिक मेमरी अडवून बसला असेल त्याला अधिक गुण, आणि ज्याला सर्वांत अधिक गुण त्याला पूर्वसूचना न देतां ठार केलें जातें. मॅक अशा वेळीं मालकासमोर चालू प्रोग्रॅमांची यादी ठेवून कोणता बंद करूं असें विचारतो.

यांतली कोणती नीति न्यायाची, हा वाद जुना आहे. नकार देणाऱ्या पेढींत पुष्कळ जागा नुसत्या वचनापोटीं अडकून राहते. उदार पेढींत कधीं तरी निरपराध्याचा बळी जातो. आपल्यासारख्या घरगुती मालकाला यांतून एकच गोष्ट घ्यावयाची आहे. ती अशी कीं, यांपैकीं कोणत्याहि कारभाऱ्याला आपल्या कामाची किंमत कळत नाहीं. कोणतें पान कोणाचें आहे, तें केव्हां वापरलें आणि त्यावर नवें कांहीं लिहिलें गेलें कीं नाहीं, एवढेंच त्याला ठाऊक असतें. मुलीचा महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्धा लिहिलेला अर्ज आणि एखाद्या जाहिरातींतलें नाचणारें चित्र, हीं दोन्हीं त्याच्या लेखीं 4,096 बाइटांचीं पानें आहेत. जाहिरात हलत राहते म्हणून तिचीं पानें ताजीं ठरतात. अर्ज लिहितां लिहितां मुलगी जेवावयास गेली तर त्याचीं पानें शिळीं ठरतात.

म्हणून व्यवहारांत कांहीं गोष्टी पाळाव्या. संगणक मंद वाटला तर प्रथम उपलब्ध मेमरीचा आंकडा पाहावा. विंडोजमध्यें टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर तो मिळतो. तेथेंच वचनांचा आंकडाहि असतो, आणि तो आपल्या कमाल मर्यादेच्या अगदीं जवळ गेला असेल तर सावध व्हावें. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्यें मेमरीवरील ताणाची आकृति असते. ती हिरवी असेल तर मेमरीला दोष देऊं नये. उपलब्ध मेमरी दोन-तीन जीबी आहे आणि तरीहि संगणक मंद आहे, तर दुखणें दुसरीकडे आहे. नवी मेमरी घेऊन पैसे वायां जातील. उलट, एका प्रोग्रॅमांतून दुसऱ्यांत जातांना दर वेळीं साठवणीची धांवपळ होत असेल आणि उपलब्धाचा आंकडा तळाला गेला असेल, तर मेमरी वाढविण्यासारखा दुसरा उपाय नाहीं. पेज फाइल बंद केल्यानें संगणक जलद होतो, असें कोणी सांगितल्यास ऐकूं नये. त्यानें पेढीचें भांडवल मात्र कमी होतें.

कांहीं प्रोग्रॅम घेतलेली मेमरी काम संपल्यावर परत करावयास विसरतात आणि दिवसेंदिवस फुगत जातात. तीं पानें नकोशीं झालीं आहेत हें कारभाऱ्याला बाहेरून कळूं शकत नाहीं. असा प्रोग्रॅम एकदां बंद करून पुन्हां उघडावा. तो बंद होतांच त्याच्या एकट्याच्या सर्व चौकटी कारभारी परत घेतो. उघडें असलेलें सारें बंद करण्याचा तिसरा सल्ला पुष्कळदां लागू पडतो तो यामुळें, किंवा कामांचे संच कमी झाल्यामुळें. पण त्यासाठीं सगळ्यांना शिक्षा करण्याचें कारण नाहीं. अपराधी एक-दोनच असतात, आणि तक्त्यांत ते ओळखूं येतात. ब्राउझरमध्यें पुष्कळ पानें उघडीं ठेवण्याची संवय असेल तर 2022 च्या अखेरीपासून क्रोममध्यें आलेली मेमरी वांचविण्याची सोय चालूं ठेवावी. बराच वेळ न पाहिलेलें पान ती मेमरींतून काढते, आणि आपण परत गेलों कीं इंटरनेटवरून पुन्हां आणते.

आणि लिहीत असलेला मजकूर दर थोड्या वेळानें साठवणींत जतन करावा, विशेषतः टेबलावरून उठतांना. पानांची निवड करण्यांत कारभारी आपल्याहून फार हुशार आहे आणि ती त्याच्यावर सोंपवावी हेंच योग्य. पण कोणतें पान गमावून चालणार नाहीं, हें त्याला ठाऊक नाहीं, आपल्याला आहे. आणि तेवढें सांगण्याची एकच खूण त्याला समजते, ती म्हणजे मजकूर जतन करण्याची आज्ञा.